साडभाऊ, तुमच्या टाकीला उजेड कमीच होता

साडभाऊ, तुमची तेरवी होऊन आज नऊ दिवस झाले. सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं. कोणी देवमाणूस म्हणालं, कोणी हसतमुख म्हणालं, शेजारचे निवृत्त हेडमास्तर तर म्हणाले की ह्या माणसानं जन्मात कोणाचं मन दुखावलं नाही. मी तिथेच सतरंजीवर मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, धाकट्या साडूला फार लागलं. लागलं होतंच. पण हेडमास्तरांचं ते वाक्य ऐकताना माझ्या मनात एकच होतं, की माझा घ्यायचा राहिलेला सूड हा माणूस सोबत घेऊन पळाला.

तीन वर्षं मी तुमच्यावर डूख धरून होतो. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि त्याचीही तुम्हाला गंमतच वाटत होती. तीन वर्षं म्हणजे अधिक ते अधिक. माझं नाक तुम्ही अधिक महिन्यात कापलंत, सासुरवाडीला, भरल्या पंगतीत. तेव्हा वचपाही अधिकातच आणि पंगतीतच काढायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं. अधिक महिना काही दरवर्षी येत नाही, त्याची वाट पाहावी लागते. मी पाहिली. ह्या खेपेला आपले सासरे, मामाजी, थकले म्हणून जावयांचं वाण तुमच्याच घरी, अकोल्याला द्यायचं ठरलं होतं. म्हणजे पंगतही तिथे, सगळी सासुरवाडीही तिथे आणि तुमची ती समुद्राच्या पाण्याची टाकीही तिथेच. मी उजेड मोजायचा मीटर घेऊन येणार होतो, सगळ्यांच्या देखत तुमच्या टाकीत बुडवणार होतो आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवणार होतो, की बघा, जे मला उजेडावरून हसले त्यांच्याच टाकीला उजेड पुरत नाही. महिना उरला असताना तुम्ही निघून गेलात. ही काय वागायची रीत झाली?

एका घरचे दोन जावई आपण. तुम्ही जन्मभर शेतकी खात्यात संत्र्याच्या कलमांमध्ये राहिलात, मी जन्मभर अमरावतीच्या राजापेठेत बल्ब, ट्यूब, माळा आणि लग्नाच्या मांडवाचे फ्लडलाइट विकले. त्यामुळे उजेडाचा विषय निघाला की बोलायचा हक्क माझा, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही मात्र तो हक्क मला कधी दिला नाहीत. दुकानात आलात तरी बल्ब हातात घेऊन म्हणायचात, "लहान्या, हा डोळ्याले दिसते तेवढाच उजेड हाये का आजून काई हाये याच्यात?" मी म्हणायचो, उजेड म्हणजे डोळ्याला दिसतो तोच. तुम्ही हसून बल्ब परत ठेवायचात. हा वाद आपला समुद्र घरात यायच्या आधीचा आहे.

समुद्र पहिल्यांदा तुमच्याकडे आला. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, त्या बोळातल्या घरात तुम्ही काचेची टाकी मांडलीत, गाळलेल्या पाण्यात विकतचं समुद्री मीठ कालवलंत आणि जिवंत पोवळं पाळलंत. बोळातल्या बायका यायच्या आणि विचारायच्या, अंगठीतलं पोवळं ते हेच का? तुम्ही तोंड गंभीर करून सांगायचात, "व्हय. मंगळ अठीच रायते. वरतं खोली केली त्याच्यासाठी." आपली सासुरवाडी खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणी पिववत नाही अशा गावच्या दोघी बहिणी आपण करून आणल्या. तुम्ही म्हणायचात, खारट पाणी आपल्या नशिबातच आहे, आता त्यात काही तरी उगवून तरी पाहू.

मी पाहिलं आणि जळलो. हे आता सांगायला हरकत नाही. तीन महिन्यांत माझ्या हॉलमध्ये तुमच्यापेक्षा फूटभर लांब टाकी आली. तुम्ही स्वतः डब्यात घालून तुमच्या पोवळ्याचं एक कलम मला आणून दिलंत. पोवळ्याच्या तुकड्याला तुम्ही कलमच म्हणायचात. हातोडी जातीचं ते, प्रत्येक बोटाच्या टोकाला लहानशा हातोडीसारखा आकार, हिरवट रंग, आणि पाण्याबरोबर सगळं हलत असायचं. जाताना दारात तुम्ही म्हणालात, "लहान्या, सावलीतलं कलम एकदम उन्हात ठिवू नको. महिना लाव." मला वाटलं, निवृत्त झाला तरी ह्या माणसाच्या डोक्यातली संत्री जात नाहीत.

महिना कशाला लावू? दिव्यांचं दुकान माझं. मी मांडवातले दोन फ्लडलाइट काढले आणि टाकीवर बसवले. हॉलमध्ये वरात उतरल्यासारखा लख्ख उजेड पडला. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर हातोडी पांढरीशुभ्र! हिरवटपणाचा मागमूस नाही. आपण वऱ्हाडातली माणसं, पांढरं दिसलं की आपल्याला एकच सुचतं. मी तुम्हाला फोन लावला आणि ओरडलो, "साडभाऊ, बोंड फुटलं!"

तुम्ही विचारलंत, "कसं दिसून राह्यलं?"

"कापसावानी. वेचाले आलं जसं!"

तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणालात, "मंग पेढे वाट ना बे." आणि मी वाटले. शेजारच्या शिकवणीवाल्या सरांना दिले, समोरच्या चष्मेवाल्याला दिले, माझ्या गिऱ्हाइकांना दिले. सांगत सुटलो, समुद्राचं बोंड फुटलं म्हणून.

तुम्हाला कळलं होतं. फोनवरच कळलं होतं की ते पोवळं मरायला टेकलं आहे. तरी पेढे वाट म्हणालात. हे मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तुम्ही अमरावतीला आलात, तेही मी विसरलो नाही. पण ते मला तेव्हा दिसत नव्हतं. चप्पल न काढता हॉलमध्ये आलात, दोन्ही फ्लडलाइट बंद केलेत आणि मला टाकीसमोर बसवून समजावलंत. "पोवळ्याच्या अंगात भाडेकरू रायते, लहान्या. शेवाळासारखे, डोळ्याले न दिसनारे. उजेडात थेच रांधते अन् थेच याले चारते. उजेड आंगावर आला का थे घर सोडून जाते. हे फुटेल बोंड नोहे, हे रिकामं घर हाये." मग बाहीला घडी घालून पाण्यात हात घातलात. सगळं गेलं नव्हतं, एका कडेच्या दोन फांद्यांत रंग उरला होता. तुम्ही पक्कडीनं त्या दोन्ही वेगळ्या केल्यात, एक माझ्या टाकीच्या तळाशी सावलीत ठेवलीत, एक डब्यात घालून अकोल्याला नेलीत. माझी जगली नाही तर तुमच्याकडे असावी म्हणून. ते काम करताना तुम्ही एकदाही हसला नाहीत.

तिथेच सगळं संपलं असतं तर मी आज तुमच्याबद्दल हेडमास्तरांसारखंच बोललो असतो.

पण दोन महिन्यांनी अधिक आला. जावयाला तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा, ही मामाजींच्या घरची रीत. तुम्हाला वाण दिलं, मग माझी पाळी आली. मामाजी दिवा माझ्या ताटात ठेवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मामाजी, लहान्याले दिवा देऊ नका. याच्या उजेडात मेलेलंबी याले उजळलेलं दिसते." आणि मग बोंडाची आणि पेढ्यांची सगळी गोष्ट, माझ्या आवाजाची नक्कल करून. पंगत लोळली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामाजींच्या हातातला दिवा हलायला लागला. माझी बायको शोभा, तीही हसली. त्या दिवसापासून सासुरवाडीची पोरं मला बोंडकाका म्हणतात. तुमच्या तेरवीलाही एकानं म्हटलं आणि त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला.

चाळीस वर्षं उजेड विकणाऱ्या माणसाला तुम्ही हे म्हणालात. कपडेवाल्याला नागडा म्हणालात.

त्यानंतर मी शिकलो, साडभाऊ. रागानं माणूस जेवढं शिकतो तेवढं शाळेत शिकत नाही. समुद्राचं पाणी आधी तांबडा उजेड गिळतं, खाली निळाच पोचतो, म्हणून पोवळ्याला निळा लागतो, हे मी शिकलो. आपल्या डोळ्याला जो दिवा लख्ख वाटतो तो पोवळ्याला अर्धपोटी ठेवू शकतो, आणि जो आपल्याला मंद निळसर वाटतो त्यात ते पोटभर जेवतं, हेही शिकलो. म्हणजे दुकानातल्या त्या जुन्या वादात तुम्ही बरोबर होतात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो, कारण आता तुम्ही त्याचं भांडवल करू शकत नाही. दिवा पाण्यापासून किती उंच टांगायचा, काचेवर मिठाचा थर बसला की किती उजेड मरतो, वाढवायचा तर आठवड्याला किती, सगळं पाठ केलं. नवा दिवा आणला, मोबाइलवरून चालणारा. पाण्यात बुडवून पोवळ्याला मिळणारा उजेड मोजायचा मीटर आणला. माझी हातोडी जगली आणि वाढली. दर रविवारी मी फोन करून तुम्हाला मीटरचा आकडा सांगायचो. तुम्ही एकच म्हणायचात, "आकडा बराबर हाये. पोवळ्याले इचारलं का?"

मागच्या वर्षी तुमच्याकडे आलो तेव्हा मला दिसलं की तुमची टाकी मंद झाली आहे. काही न मोजता दिसलं. आता माझी नजर तयार झाली होती. मी म्हटलं, "साडभाऊ, उजेड कमी हाये."

"पुरते."

"नाई पुरत. मीटर लावू का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आत स्वयंपाकघराकडे पाहिलंत आणि म्हणालात, "अधिकात आण."

ठरलं मग. तुम्हीच मुहूर्त दिलात. आणि त्या मुहूर्ताला तुम्हीच आला नाहीत.

आता कबूल करतो ते ऐका. तेरवीला येताना मीटर माझ्या पिशवीत होता. शोभानं पिशवीत माझं धोतर ठेवलं, त्याच्याखाली मी मीटर ठेवला. लाज वाटते का म्हणाल तर वाटते. पण ठेवला. दुपारी पंगती उठल्या, माणसं पांगली, शोभा मागे भांड्यांपाशी बसली. कुसुमताईनं मला बोलावून सांगितलं, पोरगा म्हणतो टाकी विकून टाकू, आता कोण बघणार. तुम्ही एकदा पाहून सांगा. पाहून सांगा! तुमच्या बायकोनं स्वतः मला त्या खोलीत पाठवलं.

खोलीत कूलर सुरू होता. तुम्ही नव्हतात, पण तुमचा दिवा तुम्ही लावून दिलेल्या वेळेनुसार लागलेला होता. मी दार लोटलं, पिशवीतून मीटर काढला आणि तुमच्या पाण्यात बुडवला. पाण्याच्या वरच्या थराला सत्तर. मधल्या दगडावर पंचावन्न. तुमच्या हातोडीपाशी अडतीस. पुस्तकं सांगतात ऐंशी तरी हवा. अडतीस! माझ्या छातीत असं काही उसळलं की मी त्या सुतकी घरात टाळी वाजवणार होतो. मी बरोबर होतो. उजेड कमीच होता. मी मीटर तसाच धरून तुमच्या फोटोकडे वळलो, हार घातलेल्या, आणि खरं सांगतो, मी तुम्हाला तो आकडा दाखवला.

मग मी हातोडी पाहिली.

माझ्याकडची हातोडी आखडून बसलेली असते. वाढते, पण अंग चोरून. मला वाटायचं तिची ठेवणच तशी. तुमची, तिचीच बहीण, त्याच मरता मरता वाचलेल्या पोवळ्याची दुसरी फांदी, मुठीएवढ्या झुपक्यानं फुलली होती. बोटं लांब, मऊ, फुगलेली, हिरव्याच्या आत सोनेरी. फांद्यांची अकरा डोकी मोजली मी. माझी सात आहेत. अडतीस उजेडात अकरा आणि माझ्या दीडशे उजेडात सात. मेल्यावरही तुम्ही मला हरवलंत आणि तेही माझ्याच मीटरनं.

कुसुमताई चहा घेऊन आली तेव्हा मी तिथेच उभा होतो, हात कोपरापर्यंत ओला. तिनं मीटर पाहिला. कप टाकीशेजारी ठेवला. मी विचारलं, "ताई, एवढ्या कमी उजेडात हे कसं काय फुललं?"

ती म्हणाली, "कमी तं माह्यासाठी केला त्यायनं."

"तुमच्यासाठी?"

"मले अर्धशिशी नोहे का. थो निळा उजेड डोळ्यात घुसे. उन्हाळ्यात कूलर याच खोलीत, मी जाऊ कुठी? मी म्हटलं, तुमची टाकी आंगणात ठिवा नाई तं मले ठिवा." ती थोडी हसली. "तं त्यायनं कमी करत आनला. एकदम नाई. दर गुरवारी एक एक. म्हणे पोवळ्यालेबी कळू नाई द्याचं अन् तुलेबी."

भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून होतं. दर गुरुवारच्या चौकोनात तुमच्या बारीक अक्षरात एकेक आकडा. मागच्या वर्षी आलो तेव्हाही ते आकडे मी पाहिले होते आणि मनात म्हटलं होतं, म्हाताऱ्याची साखर कमी होऊन राहिली. ती साखर नव्हती, दिव्याचा आकडा होता. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन. महिनोन्महिने तुम्ही जी रीत मला दारात उभं राहून सांगितली होती, सावलीतून उन्हात न्यायला महिना लाव, ती उलटी चालवलीत. उन्हातलं कलम एका बाईच्या डोक्यासाठी सावलीत आणलंत.

"उपाशी नाई मरत का थे?" मी विचारलं.

"उजेड कमी तं घास जास्त. मी चारतो ना पिचकारीनं, दोनदा आठवड्याले." ती टाकीकडे पाहत म्हणाली. "म्हणून म्हणतो, इकू नाई वाटत."

मग तिनं ते सांगितलं. सांगायचं नव्हतं तिला, पण सांगितलं. की चार महिन्यांपूर्वी एकदा शोभा तिच्याशी फोनवर बोलताना रडली होती. आमच्या हॉलात मले बसवत नाई म्हणे, ताई. डोळे फाटते. सांगतलं तं म्हणते पोवळ्याले पायजे. तीन वर्षं झाले मी सयपाकघरात जेवतो, यायले दिसलंबी नाई. ताईनं ते तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, अधिकात सांगतो लहान्याले.

"काय सांगणार होते?" मी विचारलं.

"थे नाई सांगतलं मले," ताई म्हणाली.

आता मला उत्तर द्या. काय सांगणार होतात तुम्ही? मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, घरातलं माणूस आधी रे लहान्या, असं काही सांगणार होतात? का मी मीटर बुडवून अडतीस म्हणून ओरडलो असतो आणि तुम्ही भरल्या पंगतीत म्हणाला असतात, लहान्या, तुह्या दीडशेत तुही बायको दिसते का तुले? तुम्ही दोन्ही करू शकत होतात. तुमची जीभ तशी होती आणि तुमचे हातही तसे होते. मी मरेपर्यंत आता दोन्ही ऐकत राहणार. हा तुमचा शेवटचा डाव मला सगळ्यांत जास्त लागला आहे, आणि ह्याबद्दल मी तुम्हाला माफ करत नाही.

पुन्हा रागावलो ते आणखी एका गोष्टीनं. ताईला हे चार महिने आधी कळलं, तुम्हाला कळलं, पुण्यात बसलेल्या तुमच्या पोराला कळलं असेल. एक मीच, जो त्याच घरात राहतो, मला कळलं नाही. शोभा स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायची तर मला वाटायचं, तिला गरम पोळ्या वाढायच्या असतात. माझं ताट हॉलमध्ये यायचं, मी टाकीकडे तोंड करून जेवायचो आणि शेवटची पोळी आली की न पाहता हात पुढे करायचो. दुकान आठला बंद करून घरी आलो की टाकी पाहायला मिळावी म्हणून मी माझ्या समुद्राचा दिवस दुपारी दोनला उगवायला लावला होता आणि तो अकराला मावळायचा. ऐन जेवायच्या वेळी माझ्या घरात भर दुपार असायची. माझ्यासाठीच लावलेली दुपार ती. पोवळ्याला काय, त्याला नऊ तास उजेड कधीही चालतो. मी मीटर सगळीकडे बुडवला, एक घरात तेवढा लावला नाही.

टाकी विकू नका, एवढं ताईला सांगून मी निघालो. तुमचा दिवा मी एका आकड्यानंही वाढवला नाही. इच्छा झाली होती. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी तुम्हाला शिव्या दिल्या, मनातल्या मनात. शेजारी शोभा खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिच्या डोळ्यांखाली काय आहे ते मी मूर्तिजापूर ते बडनेरा पाहत आलो.

घरी आल्यावर मोबाइल काढला. पोवळ्याचा दिवस सकाळी नऊला उगवेल आणि संध्याकाळी सहाला मावळेल असा लावला. तीव्रता एकानं कमी केली. गुरुवारी नाही केली, शुक्रवारी केली. तेवढं तरी तुमच्यापेक्षा वेगळं असू द्या. आता मी घरी येतो तेव्हा टाकीत झोपेची वेळ असते, हातोडी मिटलेली असते, आणि मला माझी टाकी रविवारीच दिसते. ह्याचंही खापर मी तुमच्यावरच फोडतो.

परवा मी जेवायला बसलो होतो. हॉलमध्ये साधा दुकानातलाच पिवळा बल्ब. शोभा पोळी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"लाइन गेली व्हती का?"

"नाई."

ती आत गेली. मला वाटलं झालं. थोड्या वेळानं ती स्वतःचं ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. दोन घास खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "तुमाले कसं सुचलं हे? भाऊजीनं सांगतलं व्हतं का काई?"

मी तिच्याकडे पाहिलं. "त्यायचा काय संबंध?" मी म्हणालो. "मलेच सुचलं."

तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे आलं ते मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं, त्यानंतर नाही. ते तुमचं होतं, साडभाऊ. मी ते घेतलं. तीन वर्षं वाट पाहून माझ्या हाताला एवढाच सूड लागला. तुम्ही असतात तर दुसऱ्याच दिवशी तिला फोन करून खरं सांगून टाकलं असतं, आणि तेही माझ्या आवाजात. आता सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून खोटं पचलं.